ऊद : अर्पण आणि कसोटी

मागी लोकांनी बाळ येशूला वाहिलेल्या तीन दानांपैकी ऊद आपल्या लोकांना सर्वांत परिचित आहे, आणि म्हणूनच त्याविषयी घोटाळाही अधिक आहे. एखादे कुटुंब ख्रिस्ताकडे वळले की उपदेशकास लवकरच प्रश्न येतो : तिन्हीसांजेला घरात ऊद घालावा की नाही? त्याचे उत्तर देण्यापूर्वी या पदार्थाचा इतिहास पाहणे इष्ट आहे.

मत्तय २:११ मधील ऊद हा बॉस्वेलिया वर्गातील झाडाचा सुगंधी डिंक होय. ही झाडे ओमानमधील धोफार, येमेनमधील हद्रमौत आणि सोमालिया येथील रुक्ष प्रदेशात वाढतात. सालीला छेद दिला की पांढरा चीक पाझरतो व वाळून त्याचे खडे बनतात. या शुभ्रतेवरून त्याला हिब्रूत 'लेबोना' हे नाव पडले. अरबी 'लुबान' व आपला 'लोबान' हे त्याचेच सगोत्र शब्द. मात्र बाजारात ऊद किंवा लोबान म्हणून मिळणारा पदार्थ पुष्कळदा सुमात्राकडील स्टायरॅक्स नावाच्या निराळ्याच झाडाचा असतो. आणि अरबीत 'ऊद' म्हणजे लाकूड, विशेषतः अगरूचे. शास्त्रातील उदाचा खरा भाऊबंद आपल्याकडे आहे, तो विंध्य-सातपुड्याच्या डोंगरउतारांवरील साळई वृक्ष.

या डिंकाचे मोल मोठे होते. दक्षिण अरबस्तानातील थोम्ना नगरापासून गाझापर्यंत उंटांचे ६५ मुक्काम होत, असे थोरल्या प्लिनीने पहिल्या शतकात लिहिले. त्याच शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवृत्तानुसार भडोचकडील जहाजे अरबस्तानच्या त्या किनाऱ्यावर कापड, गहू व तिळाचे तेल देऊन ऊद घेत.

एवढ्या मोलाच्या वस्तूविषयी मोशेचे नियमशास्त्र काय सांगते? अन्नार्पणातील मूठभर पीठ वेदीवर जाई व उरलेले याजकांचे होई; परंतु ऊद मात्र सर्वच्या सर्व जाळावा लागे (लेवीय २:२). त्याचा कणही माणसासाठी नव्हता. सुगंधी धुपाचे मिश्रण स्वतःच्या उपभोगासाठी करण्यास मनाई होती (निर्गम ३०:३७-३८). दुसरा नियम अधिक विचार करण्याजोगा आहे. ज्याला दोन पारवेही परवडत नसत, त्याने पापार्पणासाठी केवळ पीठ आणावे, त्यावर तेल किंवा ऊद घालू नये (लेवीय ५:११). पापाची क्षमा सुवासावर अवलंबून नव्हती. यिर्मया (६:२०) तर शबाहून आणलेल्या उदाचा देवाला काय उपयोग, असे विचारतो. कारण अर्पण करणाऱ्यांनी देवाचे वचन झिडकारले होते.

आद्य ख्रिस्ती मंडळीपुढे हाच ऊद कसोटी होऊन आला. इसवी सन ११२ च्या सुमारास धाकट्या प्लिनीने सम्राट त्राजान यास कळविले की, आरोपी ख्रिस्ती आहेत की नाहीत हे पाहण्यासाठी तो त्यांना सम्राटाच्या मूर्तीपुढे धूप व द्राक्षारस अर्पावयास लावी. २५० मध्ये देकियस सम्राटाने सर्व प्रजेला देवतांपुढे अर्पणे करण्याची आज्ञा केली. ज्यांनी भयाने चिमूटभर धूप घातला, त्यांना मंडळीत पुन्हा घ्यावे काय, हा पुढे मोठा वादविषय झाला. त्या काळी ख्रिस्ती उपासनेत धूप जाळीत नसत, याचे कारण यावरून ध्यानी येते.

३१३ मध्ये छळ थांबल्यावर चित्र पालटले. चौथ्या शतकाच्या अखेरीस यरुशलेमेस गेलेली यात्रेकरू एगेरिया सांगते की, रविवारी पहाटे पुनरुत्थानाच्या मंदिरात धूपपात्रे नेत व सारे मंदिर सुगंधाने भरून जाई. पदार्थ तोच, परंतु आता तो स्तोत्र १४१ व प्रकटीकरण ८:३-४ यांतील अर्थाने, म्हणजे वर चढणाऱ्या प्रार्थनेचे चिन्ह म्हणून, जळत होता. ऑर्थोडॉक्स व रोमन कॅथॉलिक मंडळ्यांनी ही प्रथा जपली. बहुतेक प्रॉटेस्टंट मंडळ्यांनी ती सोडली.

या इतिहासातून उपदेशकाला उत्तर सापडते. ऊद स्वतः पवित्रही नाही, अपवित्रही नाही. तो कोणापुढे जळतो हा प्रश्न आहे. घर सुवासिक व्हावे, डास जावेत, एवढ्याच हेतूने घातलेल्या उदास दोष देऊ नये. तो पूर्वीच्या देवतेपुढे, किंवा भूतबाधा टळावी या भयाने घातला जात असेल, तर तेथे धूपपात्र विझविण्याआधी ते भय दूर केले पाहिजे. आणि ज्याचा विवेक जुन्या आठवणींमुळे दुखावतो, त्याने ऊद मुळीच घालू नये. इतरांनीही त्याच्यासमोर आपल्या मोकळीकीचा आग्रह धरू नये (१ करिंथ ८).

ज्या मंडळीत धूप जळतो, तिने यिर्मयाचा प्रश्न विसरू नये; ज्या मंडळीत तो जळत नाही, तिने तेवढ्यावरून आपली प्रार्थना अधिक शुद्ध मानू नये. उदाविना मूठभर पीठ घेऊन आलेल्या गरिबाचे अर्पणही देवाने स्वीकारले, हे दोघींनीही ध्यानात ठेवावे.