रोध शून्य, मग ताप कसला?

हॅम्बुर्गला जमिनीखाली 2017 पासून युरोपियन एक्सफेल हा क्ष-किरण लेझर चालू आहे. तिथे इलेक्ट्रॉनांना वेग देतात त्या अतिवाहक नायोबियमच्या साडेसातशेहून अधिक कॅव्हिटी, म्हणजे पोकळ नळ्या. एकेक मीटरभर लांब. सारख्याच नऊ मडक्यांची उतरंड आडवी केली, तर दिसेल तशी.

पहिला गैरसमज नावातूनच येतो. अतिवाहक, म्हणजे रोध शून्य, म्हणजे उष्णताही शून्य. एकाच दिशेने वाहणाऱ्या प्रवाहापुरतं हे खरं. इथे मात्र कॅव्हिटीतलं विद्युतचुंबकीय क्षेत्र सेकंदाला 1.3 अब्ज हेलकावे घेतं. जोड्या न जमलेले इलेक्ट्रॉन त्यात ओढले जातात आणि काही नॅनोओहम रोध उरतोच. नॅनोओहमला कोण विचारतो? वीजबिल विचारतं! कॅव्हिटीभोवतीच्या द्रव हेलियममधून एक वॅट ताप उपसायला बाहेर शेकडो वॅट जाळावे लागतात. तापमान उतरलं की हा रोध झपाट्याने घटतो, म्हणून 9.2 केल्विनलाच अतिवाहक होणारं नायोबियम 2 केल्विनपर्यंत थंड करतात.

गोलाई दिसायला छान आहे, पण ती शोभेची नाही. जुन्या डबा-आकारात भिंतीतून सुटलेला इलेक्ट्रॉन पुन्हा तिथेच आपटायचा, आणखी काही उडवायचा आणि बघता बघता लोंढा व्हायचा. गोल पोटात तो घरंगळत सर्वांत रुंद भागाकडे जातो. तिथे विद्युतक्षेत्र इतकं क्षीण की खेळ आटोपतो. प्रत्येक मडक्याची लांबीही हिशेबाचीच. इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने 11.5 सेंटिमीटर कापतो तोवर क्षेत्राची दिशा उलटते, आणि पुढच्या मडक्यातही त्याला पुढेच ढकललं जातं.

‘मग क्षेत्र हवं तेवढं वाढवा की!’ नाही. पृष्ठभागावर साधारण 200 मिलिटेस्ला चुंबकीय क्षेत्र झालं की नायोबियमची अतिवाहकता मोडते; या आकारात ती वेस मीटरला सुमारे 50 दशलक्ष व्होल्टवर येते. एक्सफेलचा आराखडा 23.6 चा. मडक्याचं तोंड लहान केलं तर भिंतीवरचा ताण हलका होतो, पण इलेक्ट्रॉनांचा झोत स्वतःच्याच मागे उठवलेल्या लाटांत डगमगतो. खरी घासाघीस इथेच.

आणि धातू म्हणजे घट्ट, असंही नाही. जेमतेम 2.8 मिलिमीटरचा पत्रा क्षेत्राच्या दाबाने किंचित दबतो. मायक्रोमीटरच्या मापात, पण कॅव्हिटीचा सूर, म्हणजे तिची कंपनसंख्या, शेकडो हर्ट्‌झने उतरतो. म्हणून मडक्यांच्या मानांभोवती कडी जोडतात आणि सेकंदाला दहा वेळा येणाऱ्या प्रत्येक स्पंदाला, विजेने लांबी बदलणारा पिझो स्फटिक कॅव्हिटीला ताणून सुरात ठेवतो.