अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी घर शोधताना

बडोद्यातल्या मराठी घरांत ही वेळ आता वारंवार येते. दांडिया बाजार किंवा रावपुऱ्यातलं जुनं घर, मुलं पुण्याला नाहीतर कॅनडात, आणि घरात ऐंशीच्या पुढची आई. ती हिंडती-फिरती आहे तोवर सगळं निभावतं. मग खुब्याचं हाड मोडतं किंवा पक्षाघाताचा झटका येतो, आणि रुग्णालयातून सुट्टी मिळायच्या दिवशी प्रश्न उभा राहतो: आता न्यायचं कुठे? दोन दिवसांत, बऱ्याचदा फोनवरूनच, जागा ठरवली जाते. त्या घाईत काही समज पक्के धरले जातात आणि त्यांची किंमत आईला मोजावी लागते.

गैरसमज: वृद्धाश्रमात कुणालाही ठेवून घेतात.

बहुतेक वृद्धाश्रम, म्हणजे इथल्या बोलीत घरडाघर, चालत्या-फिरत्या माणसांसाठी असतात. अंघोळ, संडास, जेवण आपलं आपण उरकता आलं पाहिजे, अशी प्रवेशाची अट असते. नंतर माणूस अंथरुणाला खिळलं तर घरच्यांनी परत न्यायचं, हेही अर्जात लिहिलेलं असतं, पण वाचतो कोण? ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या 2007 च्या कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात निदान एक वृद्धाश्रम असावा असं म्हटलं आहे, पण तोही किमान 150 निराधार ज्येष्ठांच्या निवाऱ्यासाठी. नाकातल्या नळीवाटे जेवण, लघवीची नळी, जखमेची मलमपट्टी हे काम वेगळं आहे आणि ते करणारी केंद्रं वेगळी आहेत. ‘नर्सिंग होम’ अशी पाटी दिसली तरी आत बहुधा बाळंतपणाचं किंवा शस्त्रक्रियेचं छोटं रुग्णालय असतं. तिथे महिनोन् महिने कुणी ठेवून घेत नाही. रुग्णालय आणि वृद्धांचा निवास एकाच संस्थेकडे असण्याची उदाहरणं थोडी. वाघोडिया तालुक्यात गोरजला अनुबेन ठक्कर यांनी उभा केलेला मुनी सेवा आश्रम त्यांपैकी एक.

म्हणून जागा पाहायला जाण्याआधी आईचं नेमकं काय-काय करावं लागतं, ते डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. प्रत्येक ठिकाणी तोच कागद पुढे ठेवायचा आणि विचारायचं: हे सगळं तुम्ही करता का, आणि प्रकृती आणखी बिघडली तर तुम्ही काय करता?

गैरसमज: मेडिक्लेम आहे, आयुष्मान कार्ड आहे, खर्च निघेल.

निघणार नाही. विमा नियामकाने ठरवून दिलेल्या प्रमाणित अपवादांतच हे येतं: अंघोळ घालणं, कपडे बदलणं, उठवणं-बसवणं अशी रोजची देखभाल, घरी असो की केंद्रात, सर्वसाधारण आरोग्य विम्यात बसत नाही. ऑक्टोबर 2024 पासून 70 वर्षांवरच्या सगळ्यांसाठी खुली झालेली आयुष्मान योजना वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार देते, पण ते रुग्णालयात दाखल झाल्यावर. केंद्राचं मासिक शुल्क घरच्यांनाच भरायचं असतं. त्यात डायपर, औषधं, फिजिओथेरपी, एअर बेडचं भाडं आणि रुग्णवाहिका धरली आहे की नाही, हे अनामत भरण्याआधी लेखी घ्या. सांगितलेला आकडा आणि महिन्याचं बिल यांत फरक पडतो तो इथेच.

गैरसमज: पांढऱ्या कपड्यातली प्रत्येक बाई नर्स असते.

सगळ्यात जास्त नुकसान या समजाने होतं. नर्स म्हणजे एएनएमचा दोन वर्षांचा, जीएनएमचा तीन वर्षांचा किंवा बीएस्सीचा चार वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण करून राज्याच्या नर्सिंग कौन्सिलमध्ये नोंद झालेली व्यक्ती. इंजेक्शन, सलाइन आणि नळ्या हे तिचं काम. बाकी बहुतेक जणी आया किंवा केअरटेकर असतात. त्यांचं काम मोलाचं आहे, पण त्यांच्याकडून नर्सचं काम करून घेणं धोक्याचं आहे. ‘इथे चोवीस तास नर्स असते’ असं कुणी सांगितलं तर आज रात्री ड्यूटीवर कोण आहे आणि तिचा नोंदणी क्रमांक काय, एवढं विचारा.

रात्रीची पाळी मुद्दाम पाहायला हवी. स्वतःहून कूस बदलू न शकणाऱ्या माणसाला साधारण दर दोन तासांनी वळवावं लागतं, नाहीतर माकडहाडावर, टाचेवर, खुब्यावर सतत दाब पडून तिथलं रक्त थांबतं आणि कातडी मरते. बेडसोर पडायला काही तास पुरतात, भरून यायला महिने लागतात. आता हिशेब करा. बारा खाटा, रात्री एकच आया. कूस बदलणं, डायपर पाहणं, चादर सरळ करणं याला प्रत्येकी दहा मिनिटं धरली तर एका फेरीला 120 मिनिटं लागतात. म्हणजे पहिली फेरी संपते तेव्हाच दुसरीची वेळ झालेली असते, आणि तिने रात्रभर क्षणभरही बसायचं नाही. वजनदार माणसाला वळवायला तर दोघी लागतात. हे होणं शक्य नाही, म्हणून ते होत नाही. त्यात त्या बाईचा दोष नसतो, माणसं कमी ठेवणाऱ्याचा असतो. केंद्र किती चांगलं, हे मी तरी रात्रीच्या माणसांच्या संख्येवरून ठरवीन, स्वागतकक्षातल्या सोफ्यावरून नाही.

विस्मरणाचा आजार असेल तर आणखी दोन प्रश्न विचारा: रात्री उठून फिरणाऱ्याला बांधतात का? आणि झोपेचं औषध कुणाच्या सांगण्यावरून देतात? उत्तर टाळलं गेलं तर दुसरीकडे पाहा.

गैरसमज: आईला गुजराती उत्तम येतं, मग भाषेची अडचण नाही.

बडोद्यात जन्म गेलेल्या आपल्या माणसांना गुजराती येतं, हे खरंच. पण स्मृतिभ्रंशात अनेकदा नंतर शिकलेली भाषा आधी मागे पडते आणि माणूस मातृभाषेवर येतं. ‘मला लागलंय’, ‘पोट दुखतंय’ हे ती मराठीतूनच सांगेल. दुखणं सांगता आलं नाही की ती चिडते, हात झटकते, मग तिला ‘त्रास देणारी पेशंट’ ठरवतात. प्रत्येक पाळीला मराठी समजणारं एखादं माणूस आहे का, हे विचारण्यात संकोच नको. रोजच्या वापरातले वीस-पंचवीस शब्द गुजराती अर्थासह लिहून खाटेजवळ लावा. जेवणाचंही तसंच. रोज गूळ घातलेली डाळ तिला रुचते का, आणि मधुमेह असेल तर चालते का, हे आधीच बोलून घ्या.

गैरसमज: तळमजला सगळ्यात सुरक्षित.

जिना नाही म्हणून तळमजला बरा वाटतो. पण हे विश्वामित्रीकाठचं शहर आहे. 31 जुलै 2019 ला एका दिवसात सुमारे 500 मिलिमीटर पाऊस कोसळला, आणि ऑगस्ट 2024 च्या पुरात अनेक सोसायट्यांचे तळमजले पाण्यात गेले, वीज नव्हती, माणसं अडकून पडली. त्या दिवसांत केंद्रात पाणी शिरलं होतं का, जनरेटर तळघरात आहे की वर, ऑक्सिजनचं काय केलं, हे विचारा. वरचा मजला असेल तर आगीचं विचारा. 1 मे 2021 ला भरूचच्या कोविड रुग्णालयातल्या आगीत 18 जण गेले. खाटेवरच्या माणसाला पळता येत नाही. दुसरा रुंद जिना आहे का, तो मोकळा आहे की सामानाने भरलेला, हे स्वतः चढून पाहा आणि अग्निशमन खात्याचं प्रमाणपत्र मागा.

गैरसमज: आईचं मुखत्यारपत्र आहे, पैशांची काळजी नाही.

मुखत्यारपत्र देणाऱ्याची समज गेली की करार कायद्याच्या कलम 201 नुसार मुखत्यारी संपते. म्हणजे ज्या दिवसासाठी तो कागद केला, त्याच दिवशी तो निरुपयोगी ठरतो. मग पालक नेमून घ्यायला उच्च न्यायालयात जावं लागतं आणि तोवर शुल्काचे पैसे तिच्याच खात्यात अडकतात. तिची समज शाबूत असताना, तिच्या इच्छेने, संयुक्त खातं करून ठेवा. निपुत्रिक काकू-मावशीबद्दलही एक लक्षात ठेवा: जिची मालमत्ता तुमच्या ताब्यात आहे किंवा वारशाने तुमच्याकडे येणार आहे, तिच्या निर्वाहाची जबाबदारी 2007 चा कायदा तुमच्यावर टाकतो.

गैरसमज: केंद्रात ठेवणं म्हणजे टाकून देणं.

कायदा शिक्षा सांगतो ती ज्येष्ठाला कायमचं सोडून देण्याच्या हेतूने कुठेतरी ठेवून जाण्याबद्दल: तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. नीट चौकशी करून, तिची संमती घेऊन, शुल्क भरून, नेमाने भेटून घेतलेली व्यवस्था त्यात येत नाही. लोक बोलतील या भीतीने घरी ठेवायचं, आणि सत्तरीच्या सुनेने किंवा एकट्या मुलीने कंबर मोडेस्तोवर उचलायचं, यात आईचं भलं होतंच असं नाही. मात्र ती शुद्धीवर आणि समजेत असेल तर तिच्या मनाविरुद्ध तिला कुठेही नेऊन ठेवायचा हक्क कुणालाच नाही, मुलालाही नाही.

जागा पक्की करण्याआधी एकदा न कळवता, रात्री आठनंतर तिथे जाऊन या. परदेशात असाल तर इथल्या भावा-बहिणीला पाठवा. आत जाऊ दिलं नाही तर ती जागा सोडून द्या. ठेवल्यावरही दर भेटीत चादर बाजूला करून आईची पाठ आणि टाचा पाहा, आणि काही खटकलं तर 14567 या ज्येष्ठ नागरिकांच्या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करा.