जुन्या जीपला पी.टी.ओ. विंच

शेतकरी बंधूंनो, आपल्याकडे जुनी विलीज किंवा महिंद्राची सी.जे. ३बी जीप असेल, तर चिखलात रुतलेली खताची गाडी तिच्या इंजिनाच्या जोरावर ओढून काढता येते. ट्रॅक्टरसारखा पी.टी.ओ. हिलाही बसतो. ट्रान्स्फर केसच्या मागचं झाकण काढून तो तिथं जोडायचा आणि गाडीखालून शाफ्ट पुढं नेऊन विंच फिरवायचा. विंच नुसत्या बंपरला नको, चासीलाच आवळा.

विंचच्या जोडणीत एक छोटी शिअर पिन असते. भार फार झाला की आधी ती तुटते. गिअर, दोर आणि माणूस वाचतो. सारखी तुटते म्हणून काहीजण तिथं कडक पोलादी बोल्ट ठोकतात. तसं मुळीच करू नका! मग तुटेल तो तारेचा दोर, आणि त्याचा तडाखा पाय मोडतो. मूळ मापाची, मूळ धातूचीच पिन घाला.

खरेदीला पुण्यात बुधवार पेठेत आलात तर तुटलेली पिन मापाला बरोबर आणा. तिथली तपकीर गल्ली विजेच्या सामानाची. या विंचला वीज लागतच नाही. बोल्ट-शॅकलसाठी लगतच्या रविवार पेठेत बोहरी आळीत विचारा.

ओढताना ट्रान्स्फर केस न्यूट्रलला, गिअर पहिला. ड्रमवर किमान पाच वेढे राहू द्या. ताणलेल्या दोरावर ओलं पोतं टाका, पोरांना लांब पिटाळा. विहिरीत माणूस सोडायला मात्र हा विंच कधीही लावू नका.