तेल्हाऱ्यावरचे ढग, नागपूरचे रडार

हरभरा सोंगणीला आला की तेल्हाऱ्यात नजरा सातपुड्यावरच्या आभाळाकडे लागतात. त्या आभाळावर नागपूरचीही नजर असते. हवामान खात्याचे तिथले डॉप्लर रडार इथून सरळ रेषेत सुमारे 230 किलोमीटरवर आहे. ते सुमारे 10 सेंटिमीटर लांबीच्या रेडिओ लहरी सोडते. आपल्याकडच्या थेंबांवर आपटून त्या जेमतेम दीड मिलिसेकंदात परततात. त्या वेळेवरून अंतर कळते, वारंवारतेतल्या फरकावरून ढगातले वारे रडारकडे येताहेत की दूर जाताहेत ते. थेंबाचा व्यास दुप्पट झाला तर प्रतिध्वनी 64 पट! म्हणून गारांचा ढग पडद्यावर लालभडक उमटतो.

1935 साली ब्रिटनमध्ये विमाने हेरायला आजमावलेले हे तंत्र आज विमानतळांवर आणि महामार्गांवरही आहे. मला मात्र त्याचे शेतीतले काम सर्वांत मोलाचे वाटते.

अडचण पृथ्वीच्या गोलाईची. अर्ध्या अंशावर सोडलेला किरण तेल्हाऱ्यावर येईतो जमिनीपासून पाच किलोमीटर उंच गेलेला असतो. उंच वादळी ढग सापडतात, बुटके पावसाळी ढग खालून निसटतात. म्हणून पश्चिम वऱ्हाडाला जवळचे रडार हवेच. तोवर खात्याच्या संकेतस्थळावर नागपूरचे चित्र जरूर बघा. पण त्यात आपल्यावर काही दिसले नाही, तरी सोंगलेल्या हरभऱ्याची गंजी झाकूनच ठेवा.