पाठलागाचे प्रश्न : एकसमान चाल, स्थिर त्वरण आणि दुसऱ्या मुळाचा अर्थ

पदार्थविज्ञानाच्या प्रारंभिक अभ्यासक्रमात पाठलागाचे प्रश्न हमखास आढळतात. एक वस्तू एकसमान चालीने जाते, दुसरी स्थिर त्वरणाने. त्यांची गाठ केव्हा पडेल, एवढेच विचारलेले असते. विद्यार्थी वर्गसमीकरण मांडतो, दोन मुळे काढतो, त्यांपैकी एक खोडतो आणि पूर्ण गुण मिळवतो. गुण मिळाले तरी गती समजली असे मात्र म्हणता येत नाही. खोडलेल्या मुळातच पुष्कळदा प्रश्नाचे मर्म असते, हे दाखविण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

थांब्यावरून सुटणाऱ्या एस.टी.चे उदाहरण घेऊ. प्रवासी सेकंदाला ६ मीटर या चालीने धावत आहे. तो गाडीच्या दारापासून १६ मीटर मागे असताना गाडी सुटते. तिचे त्वरण १ मीटर प्रति सेकंद वर्ग आहे. 'क' सेकंदांनंतर दोघांची स्थाने समान मानल्यास ६क = १६ + क²/२, म्हणजेच क² − १२क + ३२ = ० हे समीकरण मिळते. याची मुळे ४ आणि ८. प्रवाशाने चौथ्या सेकंदाला दार गाठले, म्हणून ८ हे उत्तर निरर्थक ठरवण्याची प्रथा आहे. वस्तुतः ते निरर्थक नाही. प्रवासी गाडीत न चढता तसाच धावत राहिला, तर तो दाराच्या पुढे जाईल आणि आठव्या सेकंदाला तेच दार त्याला मागे टाकील. समीकरणाला प्रवाशाचा हेतू ठाऊक नसतो. दोन स्थाने केव्हा जुळतात एवढेच ते सांगते.

या दोन क्षणांच्या बरोबर मध्ये, सहाव्या सेकंदाला, गाडीचा वेग ६ होतो. वेग समान होण्याचा क्षण हा, आणि त्या क्षणी दोघे एकमेकांशेजारी नसतात; प्रवासी दाराच्या २ मीटर पुढे असतो. स्थान व वेग यांतील हा भेद वाटतो तितका सोपा नाही. वॉशिंग्टन विद्यापीठातील डेव्हिड ट्रोब्रिज व लिलियन मॅक्डरमॉट यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एक चेंडू एकसमान वेगाने आणि दुसरा मंदावत जाणारा असे विद्यार्थ्यांना दाखवले होते. चेंडू एकमेकांना दोनदा ओलांडत. त्यांचे वेग समान केव्हा होतात, असे विचारल्यावर अनेक विद्यार्थ्यांनी ओलांडण्याच्या क्षणाकडेच बोट दाखवले. सूत्रे पाठ असूनही हा गोंधळ टिकतो, हे अध्यापकांच्या अनुभवाला धरूनच आहे.

आता आरंभीचे अंतर बदलून पाहावे. ते १८ मीटर असेल तर दोन्ही मुळे ६ येतात. स्थान-काल आलेखावर प्रवाशाची सरळ रेषा गाडीच्या अन्वस्ताला केवळ स्पर्श करते. दाराशी पोहोचताना सापेक्ष वेग शून्य असतो. अंतर २० मीटर असल्यास विवेचक ऋण होतो, वास्तव मूळ मिळत नाही. पण 'उत्तर नाही' असे लिहून थांबणे योग्य नव्हे : सहाव्या सेकंदाला प्रवासी दारापासून २ मीटरवर येतो आणि तेथून मागे पडू लागतो. अंतराची मर्यादा ही चालीचा वर्ग भागिले त्वरणाची दुप्पट, येथे ३६/२ = १८ मीटर, एवढी असते. गाडीच्या संदर्भचौकटीतून पाहिल्यास हे विनासमीकरण कळते : ६ मीटर प्रति सेकंद या सापेक्ष वेगाने येणारा प्रवासी १ या दराने मंदावत आहे आणि थांबण्यापूर्वी तो १८ मीटर जातो.

पोलिसांच्या गाडीचे लोकप्रिय उदाहरण मात्र सावधपणे वापरावयास हवे. मोटार सेकंदाला २५ मीटर (ताशी ९० किलोमीटर) चालीने पुढे जाते आणि त्याच क्षणी उभी असलेली पोलीस गाडी २.५ या त्वरणाने निघते. उत्तर २० सेकंद व ५०० मीटर. हिशेब बिनचूक आहे. परंतु गाठतेवेळी पोलीस गाडीचा वेग ताशी १८० किलोमीटर असतो! त्वरण कितीही घेतले तरी हा वेग पुढच्या गाडीच्या दुप्पटच येतो, कारण समान काळात समान अंतर म्हणजे समान सरासरी वेग. पोलीस गाडीला ३५ मीटर प्रति सेकंद ही कमाल मर्यादा घातली, तर १४ सेकंदांत ती २४५ मीटर जाते, मोटार ३५० मीटर. उरलेले १०५ मीटर १० या सापेक्ष वेगाने भरून निघण्यास १०.५ सेकंद लागतात, एकूण २४.५.

हेच गणित उलट वाचले की रस्त्यावरील सुरक्षित अंतर मिळते. सेकंदाला १५ मीटर चालीच्या मालमोटारीमागून २५ मीटर चालीची मोटार येत आहे आणि ब्रेकमुळे तिला ५ मीटर प्रति सेकंद वर्ग मंदन मिळते. सापेक्ष वेग १०, म्हणून टक्कर टाळण्यास १००/१० = १० मीटर; चालकाच्या प्रतिसादास एक सेकंद लागतो असे धरल्यास आणखी १०. मालमोटार बंद पडून उभी असेल, तर मात्र हाच आकडा ६२.५ अधिक २५, म्हणजे ८७.५ मीटर होतो.