‘एमआर’ची गोळी: आखडलेली कंबर मोकळी करणारं औषध किती दिवस घ्यायचं?

दिवाळीच्या आसपास यवतमाळ जिल्ह्यात कापसाची वेचणी जोरात असते. दिवसभर वाकून काम, मजुरी किलोवर. एक दिवस घरी बसलं की त्या दिवसाचे पैसे गेले. त्यामुळे कंबर धरली की मेडिकलवर जाऊन ‘मागच्या वेळची तीच गोळी द्या’ असं सांगितलं जातं. पण ती गोळी अनेकदा साधी पेनकिलर नसते. तिच्यात मसल रिलॅक्संट, म्हणजे आखडलेले स्नायू सैल करणारं औषधही असतं.

ओळखायची कशी?

नावापुढे ‘एमआर’ असेल तर बहुतेक वेळा अर्थ मसल रिलॅक्संट. पण गंमत अशी, की डायबेटिसच्या काही गोळ्यांवरही हीच दोन अक्षरं असतात आणि तिथे अर्थ वेगळा: औषध हळूहळू सोडणारी गोळी. म्हणून पाकिटावरची बारीक अक्षरं वाचा. थायोकॉल्चिकोसाइड, क्लोरझोक्साझोन, टिझानिडीन, मेथोकार्बामॉल, बॅक्लोफेन यांपैकी एखादं नाव दिसलं, तर ते मसल रिलॅक्संट आहे. ही औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायची असतात.

कंबरेची गोळी, मग झोप का येते?

कारण यातली बहुतेक औषधं थेट कंबरेच्या स्नायूवर काम करत नाहीत. ती मेंदू आणि मज्जारज्जूवर काम करतात. स्नायू आवळून धरायचा संदेश तिथेच मंदावतो, पण त्यासोबत सुस्ती आणि चक्करही येऊ शकते. गोळी घेऊन रात्री ओलितासाठी विहिरीवर जाणं, जागलीला मचाणावर चढणं किंवा मोटारसायकल चालवणं म्हणूनच धोक्याचं. दारू, झोपेची गोळी किंवा सुस्ती आणणारी सर्दीची गोळी सोबत घेतली तर हा परिणाम आणखी वाढतो.

वेचणीला बायकाच जास्त

थायोकॉल्चिकोसाइड कळलावीच्या बियांत सापडणाऱ्या घटकापासून बनवतात. कळा आणण्यासाठी पूर्वी वापरली जायची, म्हणून ‘कळलावी’. (ही वनस्पती विषारी आहे, घरगुती प्रयोग अजिबात नको.) 2013 मध्ये युरोपच्या औषध नियामक संस्थेने या औषधाचा फेरआढावा घेतला. शरीरात त्यापासून तयार होणारा एक पदार्थ विभाजन होणाऱ्या पेशींमधल्या गुणसूत्रांची संख्या बिघडवू शकतो, असं दिसलं होतं. त्यानंतर तिथे तोंडावाटे घ्यायच्या गोळीवर मर्यादा आली: एका वेळी जास्तीत जास्त 8 मिलिग्रॅम, 12 तासांच्या अंतराने, आणि सलग 7 दिवसांहून जास्त नाही. 16 वर्षांखालच्या मुलांना नाही. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना नाही. गर्भनिरोधक न वापरणाऱ्या, दिवस जाऊ शकतात अशा बायकांनाही नाही.

हा नियम युरोपचा आहे, पण शरीर सगळीकडे सारखंच. पाळी चुकली असेल तर लाज न बाळगता गोळी घेण्याआधी डॉक्टरांना सांगायलाच हवं. पूर्ण हंगामभर एकेक पाकीट आणत राहणं तर या औषधाच्या बाबतीत साफ चुकीचं.

सोबत काय चालू आहे?

अशा गोळीत बहुधा पॅरासिटामॉल, डायक्लोफेनॅक किंवा एसिक्लोफेनॅकही असतं. ताप आला म्हणून वर वेगळी पॅरासिटामॉल घेतली की डोस नकळत दुप्पट होतो. क्लोरझोक्साझोननेही क्वचित लिव्हरला इजा होते. डोळे पिवळे झाले तर गोळी थांबवून लगेच दवाखाना गाठावा. डायक्लोफेनॅकसारखी औषधं उपाशीपोटी, उन्हात, कमी पाणी पिऊन घेतली तर पोटाला आणि किडनीला त्रास होऊ शकतो.

टिझानिडीन घेणाऱ्याने सिप्रोफ्लॉक्सासिन घेऊ नये. हे अँटिबायोटिक जुलाबासाठी किंवा लघवीच्या इन्फेक्शनसाठी बऱ्याचदा दिलं जातं. दोन्ही एकत्र आले की बीपी धोकादायकरीत्या घसरू शकतं. बॅक्लोफेनचा प्रश्न उलटा. ते बरेच दिवस चालू असेल तर एकदम बंद करायचं नाही, झटके येऊ शकतात. किडनीच्या रुग्णात ते शरीरात साठतं, तिथे डोस डॉक्टरच ठरवणार.

गोळीने न सुटणारी दुखणी

वाकून भरलेली कंबर साधारणपणे काही दिवसांत ते काही आठवड्यांत सुटते. शेक आणि झेपेल तेवढी हालचाल यांचा उपयोग होतो. पडून राहिलं तर उलट जास्त आखडते. पण पायातली ताकद गेली, बसायची जागा बधिर झाली किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटला, तर त्याच दिवशी दवाखाना.

पांढरकवडा, झरी जामणी भागात आणखी एक शक्यता आहे. इथल्या काही गावांच्या भूजलात फ्लोराइड जास्त आढळलंय. वर्षानुवर्षं असं पाणी पिऊन मान, पाठ, गुडघे कडक होतात. तिथे दोष हाडांत असतो, मसल रिलॅक्संट तो काढू शकत नाही. दात पिवळे-तपकिरी असतील आणि घरातल्या अनेकांचं अंग आखडत असेल, तर हे डॉक्टरांना सांगा आणि बोअरचं पाणी तपासून घ्या.

फवारणीच्या दिवसांत तर जास्तच सावध राहायला हवं. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांच्या विषबाधेने 20 हून अधिक जण दगावले. फवारून आल्यावर स्नायू फडफडत असतील, खूप घाम आणि लाळ येत असेल, दिसायला अंधूक होत असेल, तर ते ‘अंग भरून आलं’ समजून गोळी घेऊन झोपू नका. अंगावरचे कपडे काढून साबणाने अंग धुवा, 108 ला फोन करा आणि कीटकनाशकाचा डबा किंवा त्यावरचं लेबल सोबत न्या.