अफवेचा बंदोबस्त
तुळजापूरच्या वाटेवर भिक्षा मागत फिरणारे भटके धाराशिव जिल्ह्यास परके नाहीत. परंतु अशाच भटक्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या, मुख्यतः शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा तालुक्यातील, पाच जणांना, १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, मुले पळविणारी टोळी समजून जमावाने ग्रामपंचायतीच्या कचेरीत कोंडून ठार मारले. व्हॉट्सॲपवरून अशा टोळ्यांच्या अफवा त्या दिवसांत सर्वत्र फिरत होत्या. सरकारने जाब विचारताच कंपनीने खोटी बातमी ओळखण्याच्या दहा सूचना वर्तमानपत्रांत पानभर जाहिरात देऊन छापल्या. म्हणजे ज्यांच्या जाहिरातींच्या उत्पन्नात तिची मालक फेसबुक वाटेकरी झाली होती, त्यांच्याच विश्वासार्हतेचा तिला आश्रय घ्यावा लागला. त्याच महिन्यात, एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठविता येईल, अशी मर्यादा भारतापुरती जाहीर झाली व २०१९ च्या जानेवारीत ती जगभर लागू झाली.

मर्यादेने अफवेचा वेग मंदावतो, तिची सत्यासत्यता ठरत नाही. म्हणून आलेला मजकूर कोणाचा, केव्हाचा व कोठला, याची खातरजमा झाल्याखेरीज तो पुढे पाठवू नये, आणि संशय आल्यास जमाव न जमविता पोलीस ठाण्यास वर्दी द्यावी.